बंदराच्या पोटातले सोने

मुंबई बंदराच्या तळाशी अजून सोने पडले आहे, असे कोणी म्हणाले की शेवटच्या बाकावर पेंगणारा विद्यार्थीही कान टवकारतो. दरवर्षी १४ एप्रिल आला की वर्तमानपत्रांत बाबासाहेबांच्या जयंतीच्या भरगच्च मजकुराशेजारी एखादी लहानशी चौकट छापून येते. गोदीचा स्फोट, सोन्याच्या विटा, आकाशातून पडलेले सोने! माणसे चौकट वाचतात, "आपल्या छपरावर नाही पडली कधी एखादी वीट" असे म्हणून हसतात आणि चहा पितात. या सोन्याबद्दल मला काही म्हणायचे आहे. मात्र ते म्हणण्याआधी ज्या बंदराच्या पोटात ते पडले, त्या बंदराकडे नीट पाहायला हवे. आपल्या महाविद्यालयातले निम्मे विद्यार्थी याच पाण्याच्या काठी राहतात, पण पाणी नकाशात कसे दिसते ते आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल.

कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. मृगापासून हस्तापर्यंत नैर्ऋत्येचा वारा आणि लाटा त्याला सरळ येऊन धडकतात. या किनाऱ्यावर बहुतेक बंदरे म्हणजे नदीच्या मुखातली खाडी आणि मुखाशी वाळूचा दांडा. पावसाळ्यात ती बंद. मुंबईचे मात्र वेगळे आहे. इथे पश्चिमेला मुंबईचे बेट आडवे पडले आहे आणि पूर्वेला आपला उरण-पनवेलचा किनारा आहे. या दोहोंमधली लांबट पाण्याची पट्टी उत्तरेकडे निमुळती होत ठाण्याच्या खाडीला मिळते आणि दक्षिणेकडे समुद्राला उघडते. बेटाने पाठ देऊन वारा अडवला, म्हणून आत गलबते निवांत. पोर्तुगिजांनी याला 'चांगला उपसागर' म्हटले आणि त्यावरून 'बॉम्बे' झाले, अशी एक व्युत्पत्ती पूर्वी सांगत. मुंबादेवीपुढे ती टिकली नाही, हे बरेच झाले. तथापि उपसागर चांगला होता याविषयी कोणाचा मतभेद नव्हता.

या पाण्यात घारापुरी आहे, जवाहर द्वीप आहे, करंजाचा डोंगर आहे, पाण्याबाहेर जेमतेम डोके काढणारे खडक आहेत. पनवेलची खाडी इथे येते. दक्षिणेला पाताळगंगा आणि अंबा आपला गाळ घेऊन धरमतरच्या बाजूने उतरतात. उधाणाच्या भरतीला पाणी ओहोटीच्या पातळीहून चार मीटरांपेक्षाही अधिक चढते, आणि उतरताना सगळा चिखल ढवळून काढते. म्हणून तर मुंबईच्या जुन्या गोद्यांना दरवाजे बसवावे लागले. भरतीला दार उघडायचे, जहाज आत घ्यायचे आणि ओहोटीच्या आत दार लावून पाणी कोंडून ठेवायचे. गाळ उपसणारी यंत्रे इथे सतत चालू असतात. जे काही या बंदरात पडेल ते थोड्याच दिवसांत चिखलाखाली जाते.

बंदराचे तोंड मात्र आतल्यासारखे निवांत नाही. कुलाब्याच्या टोकापुढे खडकांची रांग, पलीकडे थळच्या बाजूला खडप, त्याच्याही पुढे खांदेरी-उंदेरी. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी वाट हे तोंड ओलांडते. काशाचा खडक याच वाटेवर आहे. पावसाळ्यात आतले पाणी शहाण्यासारखे वागत असताना इथे लाटा आडव्या येतात. भूगोलाच्या तासाला 'नैसर्गिक बंदर' असे एका ओळीत लिहून आपण दोन गुण मिळवतो. पण त्याच बंदराच्या दारात काय आहे, हे त्या ओळीत मावत नाही.

आता पोटात काय आहे ते पाहू. इथे सोन्याच्या आधी मला झाडे दिसतात.

१८७०च्या दशकात प्रिन्सेस गोदी खणण्याचे काम चालू होते (ती १८८० साली सुरू झाली). चिखल आणि चिकणमाती उपसता उपसता मजुरांच्या पहारी लाकडावर आदळल्या. ओहोटीच्या पातळीच्याही बऱ्याच खाली एक जंगल होते! पावणेचारशेंहून अधिक झाडे मोजली गेली. त्यांतली दोनशेंहून जास्त जागच्या जागी उभी होती, मुळे जमिनीत तशीच रोवलेली. झाडे होती खैराची. आपल्या डोंगरावर आजही उभा असतो, ज्याचा कात पडतो, तोच हा खैर. पुढे अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणतानाही असेच अवशेष मिळाले. म्हणजे आज जिथे जहाजे उभी राहतात तिथे कधी काळी कोरडी जमीन होती आणि तीवर रान होते. मग समुद्र वर चढला म्हणा की जमीन खचली म्हणा, पाणी आले आणि झाडे उभ्या उभ्या बुडाली. बंदर मुळात असे बुडालेल्या जमिनीवर वसले आहे.

गंमत अशी की ही झाडे बाहेर येत होती त्याच सुमारास, १८७८ साली, सरकारने निखात निधीचा कायदा केला. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची कोणतीही वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यास कळवावे, असे तो सांगतो. दहा रुपयांचे सोने मिळाले तर सरकारी नोंद होणार. खैराच्या बुंध्याचे मोल दहा रुपये कोण लावणार? काही इंजिनियर आणि भूगर्भशास्त्रज्ञ चौकस होते म्हणून त्यांनी झाडे मोजून ठेवली. नाहीतर ती चुलीत जाती, आणि मुंबईखाली रान होते हे आपल्याला कळलेही नसते. कोणीतरी बसून मोजले, लिहून ठेवले, म्हणून ते उरले. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण माझे पुढचे सगळे म्हणणे त्याच्यावर उभे आहे.

आता सोने. १२ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकिन' नावाचे ब्रिटिश मालवाहू जहाज कराचीहून मुंबईत आले आणि व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता, लढाऊ विमाने होती, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गठड्या होत्या. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात! जोडीला वंगणतेल, लाकूड, मासळीचे खत. आणि लोखंडी कप्प्यात ३१ पेट्या. दर पेटीत ४ विटा, प्रत्येक वीट पावणेतेरा किलोंच्या आसपास. एकूण १२४ विटा. १४ तारखेला दुपारी कापसातून धूर निघाला. बंब आले, पाणी मारले, पण आग कुठे आहे तेच सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिमल्याच्या वेधशाळेतल्या भूकंपमापकाने त्याची नोंद केली. गोदीतली जहाजे बुडाली, एक तर उचलून धक्क्यावर आडवे पडले. मांडवी, मशीद बंदरच्या वखारी जळाल्या. सोन्याच्या विटा हवेत उडाल्या, आणि त्यांतली एक दूरवर एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत येऊन पडली. त्या भल्या गृहस्थाने ती परत केली.

बाकीच्या विटांसाठी गोदीचा तळ चाळून काढला गेला. त्या पुढच्या वर्षांत, अगदी १९७०च्या दशकापर्यंत, गाळ उपसताना निघत राहिल्या. बहुतेक सगळ्या मिळाल्या. आता ती व्हिक्टोरिया गोदीच भराव घालून बुजवली आहे.

सोन्याचा हिशेब असा चोख आहे. पेट्या ३१, विटा १२४. त्या दिवशी मेलेल्या माणसांचा हिशेब मी शोधला तेव्हा कुठे आठशे मिळाले, कुठे तेराशे, कुठे त्याहून जास्त. अग्निशमन दलाचे जवान मोजलेले आहेत: ६६. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो योग्यच आहे. पण गोदीतला हमाल? वखारीतला पोऱ्या? गाडीवान? आठशे आणि तेराशे यांच्यामध्ये पाचशे माणसे आहेत. ती माणसे मेली की नाही, होती की नव्हती, हे आकड्यांनाच ठाऊक नाही.

असे का झाले? युद्धकाळ होता आणि बातम्यांवर सेन्सॉर होता, हे एक कारण. दुसरे मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्या वेळी गोदी कामगार कोणाच्याही कायम पटावर नव्हता. टोळीवाला सकाळी धक्क्यावर उभा राही, हवी तेवढी माणसे उचली, दिवसाची मजुरी देई. नाव लिहिण्याची गरज कोणाला? घाटावरचा असो वा कोकणातला, तो त्या दिवसापुरता एक 'माणूस' असे. गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा १९४८ साली झाला, आणि नोंदणी त्यानंतर आली. तोवर वीट क्रमवार होती आणि विटेची पेटी वाहणारा बिननावी होता. वीट सापडली नाही की तळ उपसत. माणूस सापडला नाही तर दुसऱ्या दिवशी टोळीत दुसरा.

कोणी म्हणेल, हे परक्या राज्याचे पाप. मान्य. मग आपल्याच उंबरठ्यावरची गोष्ट पाहू.

१७ जुलै १९४७, आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणाला घरी जाणारे चाकरमानी, गिरणीतले कामगार, बाजार करून परतणाऱ्या बाया, मुले. पाऊस होता, वारा होता. काशाच्या खडकाजवळ मोठी लाट आली, बोट कलली, घाबरलेली माणसे एका बाजूला धावली आणि बोट उलटली. अर्ध्या-पाऊण तासाचा सगळा खेळ. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. रेवसच्या कोळ्यांनी आपली होडकी घालून जी वाचवता आली ती वाचवली. काही पोहत किनाऱ्याला लागली. मुंबईत बातमी पोहोचली ती पोहत पोहत आलेल्या माणसांकडून, दुपारी! बिनतारी यंत्र नाही, पुरेशी जीवरक्षक साधने नाहीत.

आणि पुढच्याच महिन्यात १५ ऑगस्ट आला. देश आनंदात आणि फाळणीच्या दुःखात बुडाला; सहाशे कोकणी माणसांची बातमी मागे पडली. यात कोणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. पण पंधरवडे गेले, वर्षे गेली, दशके गेली, तरी कोणी बसून यादी केली नाही, याला दोष द्यायचा नाही तर कशाला द्यायचा?

आमच्या घरात आषाढ अमावास्येला मटण शिजत नाही. आळीत सगळीकडे वास सुटलेला असतो, पोरे उड्या मारत असतात, आणि आमच्याकडे कणकेचे दिवे आणि वरणभात. लहानपणी मला याचा राग येई. माझ्या आजीचा थोरला भाऊ परळला गिरणीत होता. अवसेला येतो असा त्याचा निरोप गावच्या एका माणसाबरोबर आला होता. आजी तेव्हा सहा-सात वर्षांची. तो आला नाही. त्यानंतर त्याचे पत्र नाही, निरोप नाही, चाळीतल्या खोलीत तो नाही. प्रेत मिळाले नाही. तो त्या बोटीवर होता की नाही, हेसुद्धा आमच्या घराला आजतागायत पक्के कळलेले नाही. कोणी म्हणे धक्क्यावर पाहिला, कोणी म्हणे आदल्या दिवशीच गावी जातो म्हणून निघाला. त्याच्या बायकोने बारा वर्षे कुंकू लावले. बारा वर्षांनी भटजींना विचारून पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि त्याला अग्नी दिला. मगच ती विधवा झाली. आजी ही हकिकत सांगताना रडत नाही. फक्त त्याच्या कपाळावर डाव्या भुवईपाशी खूण होती, एवढे दर वेळी न चुकता सांगते. जणू समोरचा आता शोधायला निघणार आहे.

एक यादी असती तर? बोटीवर चढताना कोणी नाव लिहून घेतले असते तर? मेलेला माणूस यादीने परत येत नाही हे मलाही कळते. पण एका बाईची बारा वर्षे वाचली असती.

या लेखाचा विषय मी एका सरांकडे बोललो तेव्हा त्यांनी मला समजावले की, दस्तऐवज नसेल तिथे इतिहासकाराने गप्प बसावे. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी म्हणजे इतिहास नव्हे. आठवण बदलते, वाढते, दुसऱ्याचे ऐकलेले आपले होते. सरांचा आदर ठेवून मला म्हणावेसे वाटते की ही सावधगिरी बरोबर आहे, पण तिचा निष्कर्ष चुकतो. दस्तऐवज आपोआप उगवत नाहीत. घारापुरीचेच उदाहरण घ्या. तिथला एक शिलालेख सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी काढून आपल्या राजाकडे पाठवला आणि तो नाहीसा झाला. लेणी कोणी खोदली हा वाद पंडित आजवर घालत आहेत. त्या दगडाची कोणी एक नक्कल करून ठेवली असती तर! मी म्हणतो ती याददेखील तसलीच नक्कल. चुका असतील, त्या पुढच्यांनी दुरुस्त कराव्यात. कोऱ्या कागदाची दुरुस्ती करता येत नाही.

दुसरा आक्षेप माझ्या मित्रांचा. मेलेली मढी उकरून काय मिळणार, त्यापेक्षा आजचे बोला. बरे, आजचे बोलू. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला जाणाऱ्या 'नीलकमल' लाँचला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि १५ माणसे गेली. लाँचमध्ये किती जण होते, जीवरक्षक जाकिटे किती जणांच्या अंगावर होती, यांची चर्चा त्या दिवसांत सगळ्यांनी ऐकली. ७७ वर्षांपूर्वी 'रामदास'बद्दल विचारले गेलेले प्रश्न हेच होते. आपण आजही लाँचमध्ये चढताना जाकीट आहे का पाहत नाही, आणि कोणी घालायला सांगितले तर घामट म्हणून बाजूला ठेवतो. आता शिवडीहून न्हाव्यापर्यंत समुद्रावर पूल झाला आहे, मांडव्याला गाड्या वाहणारी मोठी बोट येते. लोकांना वाटते पाण्याचे भय संपले. काशाचा खडक मात्र होता तिथेच आहे.

तेव्हा सोन्याची चौकट वाचून हसणाऱ्यांना माझे सांगणे इतकेच की ते सोने मिळाले, त्याची मोजदाद झाली, ते प्रकरण मिटले. या बंदरात अजून शोधायचे राहिले आहे ते कोळ्यांच्या, आगऱ्यांच्या, चाकरमान्यांच्या घरांत आहे, आणि ते चिखलाखाली जायला फार दिवस उरलेले नाहीत. १९४७ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात आहे. ज्यांनी ती सकाळ पाहिली त्यांतले बहुतेक गेले.

म्हणून एक सूचना करतो. आपल्या महाविद्यालयात रेवस, बोडणी, मांडवा, सासवणे, किहीम, थळ, पोयनाड, शहापूर इकडून मुले येतात. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गावात विचारावे: 'रामदास'मध्ये आपल्यातले कोण गेले, कोण वाचले. तसेच १४ एप्रिलच्या स्फोटात गोदीवर कोण होते. इतिहास विभागाने एक साधा नमुना छापून द्यावा. भूगोल विभागाने बंदराचा मोठा नकाशा काढून त्यावर गावे आणि काशाचा खडक दाखवावा. विद्यार्थ्यांना त्यानिमित्ताने भरती-ओहोटीचे कोष्टक वाचता येईल, जे आज किती जणांना येते ते सांगायला नको. मराठीच्या मुलांनी हकिकती बोलणाऱ्याच्या बोलीतच उतरवाव्यात, 'शुद्ध' करू नयेत. टेपरेकॉर्डरचे काम आता खिशातला मोबाईल करतो, तेव्हा खर्चाची सबबही उरत नाही.

नमुन्यात माझ्या मते एवढे असावे: नाव, गाव, अंदाजे वय, मुंबईत काय काम आणि कुठल्या चाळीत बिऱ्हाड, बरोबर कोण होते, प्रेत मिळाले की नाही, घरच्यांना कसे कळले, आणि ही माहिती कोण सांगत आहे. खात्री नसेल तिथे 'खात्री नाही' असे स्पष्ट लिहावे. आमच्या आजीच्या भावाची नोंद मी तशीच केली आहे. वही ग्रंथालयात संदर्भ विभागाच्या टेबलावर ठेवण्याची परवानगी मिळाली आहे. पहिल्या पानावर ओळी आखलेल्या आहेत, आणि पेन दोऱ्याने बांधलेले आहे, ते कृपया नेऊ नये.